चकतीवरची सावली

ज्या वस्तूसाठी मी सात वर्षं झाडू मारला, ती वस्तू मी एकदाही पाहिली नाही. ती आभाळात एका जागी उभी आहे, दिवसा आहे, रात्री आहे, पावसातही आहे, असं मला सांगितलं होतं. मी वर बघायची. घारी दिसायच्या. मग मान खाली घालून परत झाडायला लागायची.

चौथी शिकलेल्या बाईने उपग्रहावर लिहायचं म्हणजे लोक हसतील. पण माझ्या मुलीच्या, सुमनच्या, कॉलेजच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, आणि तोंडाने सांगायला मला कधी जमलं नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली आहे, म्हणून लिहिते.

कोल्हापूरच्या बाहेर माळावर आमचं टीव्हीचं केंद्र होतं. दोन खोल्या, एक उंच टॉवर आणि अंगणात तारेच्या जाळीचं भलंमोठं ताट. लोक त्याला छत्री म्हणायचे. मी ताटच म्हणायची, कारण छत्री पालथी असते आणि हे जवळजवळ उताणं होतं. उपग्रह आमच्या डोक्यापासून थोडाच दक्षिणेला आहे, म्हणून ताट असं, असं कारण सांगत. दिल्लीहून चित्र वर जायचं, उपग्रह ते खाली फेकायचा. ताटावर पडलेलं सगळं वर तीन पायांवर टांगलेल्या एका डब्यात गोळा व्हायचं. डब्यातून वायरने यंत्राच्या खोलीत, तिथून टॉवरवर, आणि टॉवरवरून घराघरात. एवढं मला दुसऱ्याच महिन्यात पाठ झालं होतं. खरं किती वाटलं, ते वेगळं.

माझा नवरा कसबा बावड्याला साखर कारखान्यात होता. तो आजाराने गेला आणि मी इथे रोजंदारीवर लागले. खोल्या झाडायच्या, पाणी भरायचं, आणि सकाळी चित्र सुरू व्हायच्या आधी ताट पुसायचं. ताटाची दक्षिणेकडची कड माझ्या छातीइतकी उंच होती. तिथे उभं राहून बांबूला फडकं बांधून कावळ्यांची घाण काढायची, पानं काढायची. ताटाच्या मधोमध पुरीएवढी एक लोखंडी चकती होती. ती गंजू नये म्हणून रोज बांबूनेच तेलाचं फडकं. चित्र चालू असताना ताटावर हात न्यायचा नाही, हा नियम.

पहिल्याच उन्हाळ्यात मी तो मोडला. इतकी मोठी, स्वच्छ, उन्हाला तोंड करून पडलेली जागा बघून मला राहवलं नाही. सुट्टीच्या दिवशी जुनं लुगडं पसरून त्यात सांडगी मिरच्या वाळत घातल्या, आणि दुपारी उचलायच्या विसरले. आमचे साहेब, देशपांडे, नेमके त्या दिवशी आले. ताटापाशी बराच वेळ उभे राहिले.

"मालनबाई, हे सरकारी यंत्र आहे. मिरच्या वाळवायची गच्ची नाही."

मी मिरच्या उचलल्या. त्या दिवसापासून साहेबांच्या डोळ्यांत माझ्याविषयी एक मिरची कायमची राहिली.

केंद्रावर तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. मलकापूरकडचा एक म्हातारा फेटा काढून हातात घेऊन आला आणि फाटकावरच्या आबांना म्हणाला, "ह्या ताटानं पाऊस वरच्या वर अडीवलाय." आबा आमचे वॉचमन. ते म्हणाले, "पावणं, राधानगरीला जाऊन बगा. तिकडं धरण भरून व्हायलंय. तिकडच्या ढगास्नी आमचं ताट काय दिसंना व्हय?" म्हातारा गेला, पण जाताना ताटाकडे तीन वेळा वळून बघत गेला.

शेजारच्या वस्तीतल्या एका बाईने मला गाठून हळूच विचारलं, "आमच्या न्हाणीला छप्पर न्हाई. त्या वरच्या यंत्राला दिसतं का वं?"

मी नाही म्हणून सांगितलं. पण आमच्याही न्हाणीला छप्पर नव्हतं. त्याच दिवशी मी पोत्याचा पडदा वरूनही बांधला.

पोवार हे आमचे टेक्निशियन. तिशीतला, मोठ्या आवाजाचा, घाईचा माणूस. यंत्राजवळ मला पहिल्यांदा त्यांनीच बसवलं. मी विचारलं नव्हतं, मी कुणालाच काही विचारत नसे. तेच म्हणाले, "रोज पुसताय, मग कशासाठी ते म्हाईत नको?"

उपग्रह एका जागी कसा उभा राहतो हे त्यांनी सांगितलं, तेव्हा मला माझ्या माहेरचं गुऱ्हाळ आठवलं. माझ्या लहानपणी उसाचा चरक बैल फिरवायचे. मधे बसलेला माणूस ऊस घालायचा, बैल लांब दांड्याला जुंपलेला गोल फिरायचा. मधल्या माणसाने बैलाबरोबरच स्वतःला फिरवत ठेवलं, तर बैल सतत त्याच्या नाकासमोरच दिसेल. पृथ्वी ही मधली, उपग्रह हा बैल.

"अगदी बराबर!" पोवार म्हणाले. "आता तुमी मला शिकवा."

"आणि दमला की?"

"त्येच्या पोटात तेल असतंय. जाग्यावरनं हलला की त्याच तेलानं सरळ करत्यात. सात वर्सं पुरंल इतकं. मग दुसरा येतो."

"जुन्याला पेन्शन?"

ते इतके हसले की आबा फाटकावरून आत आले. मी चेष्टा केली नव्हती. मी स्वतः रोजंदारीवर होते, म्हणून विचारलं.

पोवारांनी मला काटा वाचायला शिकवला. यंत्रावर एक काटा होता, शून्य ते दहा. वरून येणारं किती जोरात येतंय ते तो दाखवायचा. दर अर्ध्या तासाने आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. "पाच ते सात म्हंजे झ्याक. पाचाच्या खाली गेला तर बोंब मारायची." सातच्या वर गेला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. तो कधी जातच नसे. हे काम खरं त्यांचं. पण दुपारी साडेबाराला ते सायकल काढून घरी जेवायला जायचे आणि सव्वाला यायचे. तेवढा वेळ काट्यासमोर मी. मी मराठी आकड्यात लिहायची, ते येऊन सही करायचे.

हे नियमात नव्हतं. पण त्या पाऊण तासात त्या गार, गुणगुणणाऱ्या खोलीत मी एकटी असायची आणि कुणी मला बाई, पाणी आण असं म्हणत नसे. मला तो वेळ आवडायचा.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पावणेएकला कॉलेजच्या मुलांसाठी शिकवणीचे कार्यक्रम सुरू झाले होते. त्याच मार्चमध्ये माझे कायम होण्याचे कागद वर गेले होते. कायम म्हणजे पगार, रजा आणि सुमनचं शिक्षण. ती दहावीला होती. साहेबांची शिफारस तेवढी जायची बाकी होती.

होळी झाली. रंगपंचमीच्या आधी दोन दिवस मी काट्यासमोर बसले होते. पावणेएकला चार-पाच मिनिटं असताना पडद्यावर मुंग्या आल्या. मग चित्र गेलंच, नुसता पांढरा खरखराट. मी उठून उभी राहिले. काटा बघितला. तो पडायला पाहिजे होता. तो वर होता. साडेसात.

मी डोळे पुसून परत बघितलं. साडेसातच. सात-आठ मिनिटांनी चित्र आपोआप आलं आणि काटा सहावर उतरला. जे दिसलं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तेच. तिसऱ्या दिवशी एक प्राध्यापक स्कूटरवरून फाटकात आले. ते मुलांना जमवून रोज तो कार्यक्रम दाखवायचे.

"अहो, रोज सुरुवातच खाता तुम्ही! तीन दिवस झाले, मुलं पाऊण तास बघतात आणि शेवटी मला विचारतात, सर, आजचा विषय काय होता? मला तरी कुठे माहीत आहे?"

चौकशी सुरू झाली. आबांचा संशय गावातल्या एका टीव्हीच्या दुकानदारावर होता, का ते त्यांनाही सांगता येईना. साहेबांचा संशय माझ्या मिरच्यांवर होता. त्यांनी ताटाखाली वाकून बघितलं, माझी जेवणाची पिशवीसुद्धा उघडून बघितली. त्यात भाकरी होती.

आणि माझा संशय पोवारांवर होता. आबांनी मला महिन्यापूर्वी सांगितलं होतं, की पोवारांनी आपल्या मेहुणीसाठी साहेबांकडे शब्द टाकलाय. केंद्रावर बाईची जागा एकच. ते साडेबाराला जातात, आणि बरोबर त्यानंतर दहा मिनिटांनी चित्र जातं, मी एकटी असताना. ते यायच्या आत परत येतं. मला वाटलं, जाताना काहीतरी फिरवून जातात. ज्या माणसाने मला काटा शिकवला, तो मला काट्यावरच पकडून देणार, असं मी ठरवून टाकलं. त्यांचं हसणंही मला आठवून आठवून खोटं वाटायला लागलं.

साहेबांनी रजिस्टर मागवलं.

"चित्र नाही, आणि काटा साडेसात? पोवार, हे काय आहे?"

पोवारांनी वाकून बघितलं. "सही माजी हाय साहेब. आकडा..." 

आकडे मराठीत होते. पोवार इंग्रजीत लिहायचे. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"न बघता आकडे ठोकता तुम्ही? आणि तू, पोवार, कुठे होतास?"

पोवार रजिस्टरकडे बघत राहिले. मीही गप्प राहू शकले असते. आयुष्यभर गप्पच होते. पण साहेबांच्या टेबलावर माझ्या शिफारशीचा कागद पडलेला मला दिसत होता.

"ते रोज घरी जेवायला जात्यात," मी म्हणाले. "पाऊण तास. जाताना यंत्राला काहीतरी करून जात असतील."

साहेबांशी मी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. पोवारांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. जसं काटा अचानक भलतीकडे गेल्यावर बघतात तसं. साहेबांनी त्याच संध्याकाळी वरच्या ऑफिसला लिहिलं.

चौथ्या दिवशी साहेब स्वतः पडद्यासमोर बसले. पोवारांना त्यांनी शेजारी बसवून घेतलं. मला बाहेर काढलं. "बारानंतर आत पाऊल टाकायचं नाही."

मी ताटाच्या कडेपाशी उभी राहिले. पाळत ठेवायला. पोवार आत अडकलेत, तेव्हा त्यांचा कुणी माणूस येतो का ते बघायचं होतं. कुणी आलं नाही. कुंपणावर कावळासुद्धा नव्हता. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून ताटाकडे बघत होते. वरच्या डब्याची सावली जाळीवर पडली होती आणि हळूहळू सरकत होती. ती चकतीच्या दिशेने येत होती. रोज सकाळी मी पुसायची तेव्हा ती सावली कुठेतरी लांब कडेला असायची. चकतीवर ती मी कधीच बघितली नव्हती.

सावली चकतीवर चढली आणि आतून साहेबांचा आवाज आला, "गेलं!"

मी जागची हलले नाही. सावलीने चकती पूर्ण झाकली. मग दुसऱ्या बाजूने उतरायला लागली. शेवटची कड सुटली आणि आतून पोवार ओरडले, "आलं साहेब!"

पोवार पूर्ण वेळ साहेबांच्या शेजारी होते. ताटाजवळ माझ्याशिवाय कुणी नव्हतं. 

पाचव्या दिवशी बाराला मी विटेचा एक तुकडा घेऊन आले आणि कडेवर काल सावली ज्या बाजूने आली होती तिथे ठेवला. आबांना दाखवलं. ते म्हणाले, "मग सांग की साहेबास्नी! माझ्याम्होरं काय पुटपुटतीस?"

दारापर्यंत गेले. साहेबांनी वर बघितलं आणि मी पाठ फिरवली. परत आले. सावली सरकत होती. परत गेले, या वेळी उंबऱ्याबाहेरच उभी राहून, भिंतीकडे बघून बोलले.

"साहेब, आता जाईल."

गेलं.

साहेब खुर्चीवरून उठले. "तुम्हाला कसं कळलं?"

मी बाहेर ताटाकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हीच करताय! काय केलंत? कुठे हात लावलात?"

खरं सांगितलं तर सुटका होते असं मला वाटलं होतं. इथे उलटंच झालं. पोवार मधे म्हणाले, "साहेब, बाई दारात हायेत. त्यांचा हात कशाला लागंल?" हे त्यांनी म्हटलं. दोनच दिवसांपूर्वी मी काय बोलले होते ते ऐकूनही म्हटलं.

मग मी नुसतं बोट दाखवलं आणि चालायला लागले. साहेब तावातावाने मागे आले, त्यांच्या मागे पोवार. मी ताटाच्या कडेला उभी राहून चकती दाखवली. डब्याची सावली तिच्यावर बसली होती, भांड्यावर झाकण बसावं तशी.

"ही उतरली की येतंय," मी म्हणाले.

आम्ही तिघं उभे होतो. आबा आत पडद्यासमोर जाऊन बसले होते. सावली उतरली. आतून आबांची आरोळी आली, "आलं वं!"

साहेबांनी वर बघितलं, डोळ्यांवर हात धरून. पोवार एकदम म्हणाले, "सूर्य! सूर्य नेमका उपग्रहाच्या मागं आलाय साहेब. ताट दोघास्नी एकदमच बगतंय. म्हणून काटा वर! सूर्याचा बी जोर त्यात मिसळलाय, त्यात चित्र बुडतंय." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "साडेसात बराबर हुतं."

सावली आदल्या दिवसापेक्षा एक बोट दक्षिणेला सरकली होती, ते मी विटेवरून सांगितलं. उद्या थोडंच जाईल, परवा नाही. तसंच झालं. साहेबांनी ट्रंक कॉल लावला. पलीकडून उत्तर आलं, की वर्षातून दोनदा असं होणारच, तारखा आणि वेळा आधीच छापून पाठवल्या आहेत. ऑक्टोबरचा फेरा रोज दुपारी कार्यक्रमाच्या वेळेआधीच होऊन गेला होता, म्हणून कुणाला कळला नव्हता. छापलेला कागद साहेबांच्याच खणात निघाला, टाचणीसकट. तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. त्याविषयी नंतर कुणी बोललं नाही.

मी साहेबांना म्हणाले, "पोवारांविषयी वर लिहिलेलं..."

"यंत्राचं मागे घेतलंय मी," ते म्हणाले. "पण ड्यूटी सोडून जायचा, हे खरंच होतं ना?"

खरंच होतं. मीच सांगितलं होतं. पावसाच्या तोंडाला दोन ऑर्डरी एकाच पाकिटातून आल्या. माझी कायम झाल्याची, आणि पोवारांची मराठवाड्यात बदलीची. जाताना त्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले. मी पाणी भरायला मागच्या नळावर गेले होते. नळाला पाणी नव्हतं. मी तिथेच उभी राहिले, त्यांची सायकल फाटकाबाहेर पडेपर्यंत.

मेहुणीचं खरं काय, ते नंतर आबांनीच सांगितलं. पोवारांना मेहुणीच नव्हती. आबांनी दुसऱ्याच कुणाचं ऐकलं होतं.

सुमन शिकली. साहेब बदलले. नवे टेक्निशियन आले, त्यांनी काट्यापाशी मला कधी बसवलं नाही. दरवर्षी मार्चमध्ये मी विटेचा तुकडा ठेवायची आणि सावली यायची. माझा उपग्रहावर जो काही विश्वास बसला तो तेवढ्यापुरता. तो दिसत नाही, पण त्याची जागा कुठे आहे ते सूर्याने मला बोट ठेवून दाखवलं होतं.

त्या उपग्रहाची सात वर्षं भरत आली आणि त्याचं तेल संपत आलं. दुसरा आला होता, पण तो पूर्वेला थोडा बाजूला उभा होता. ताट वळवायला हवं होतं. वळवायला वरून माणसं आली, त्यात पोवार होते. केस पिकले होते. आवाज तोच.

मी झाडू घेऊन खोलीच्या मागे निघाले होते.

"मालनबाई! कुटं निगाला? काट्यावर बसा."

"दुसरं कुणी बसवा," मी म्हणाले.

"बसा म्हंतोय न्हवं."

ते ताटाच्या बोल्टांशी बाहेर, मी आत काट्यासमोर. मधे भिंत. ते पान्याने थोडं थोडं ताट हलवणार, मी काटा ओरडून सांगणार. पहिल्यांदा मी बोलले ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

"जेवला न्हाई काय? मोठ्यानं!"

"दोन!" मी ओरडले.

"आनी?"

"अडीच! तीन! साडेतीन... पडला! परत! परत घ्या!"

असं अर्धा तास चाललं. माझा आवाज माळभर जात होता. आबा म्हातारे झाले होते, ते फाटकावरून उठून बघायला आले, कोण बाई ओरडते म्हणून.

"पाच! साडेपाच! सहा! आता हलवू नका!"

"जाग्यावर?"

"जाग्यावर!"

ते हात पुसत आत आले. मी इतकी वर्षं मनात घोळवलेलं सुरू केलं. "त्या वेळेला साहेबांना मी जे..."

"माज्या म्होरंच की बोललासा," ते म्हणाले. "मी काय भैरा हुतो?"

"मग आज मला का बसवलं?"

"मग काय साहेबास्नी बसवू? काट्याला बगूनशान सांगणारं माणूस पायजे." त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "लिवा."

मी मराठीत सहा लिहिला. ते सहीला येतील म्हणून बाजूला झाले. ते आले नाहीत, माझा आकडा सहीविनाच राहू दिला. मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं, कारण बाहेर त्यांची जीप भोंगा वाजवत होती. जाताना म्हणाले, "ताट फिरलंय, आता मार्चमधी सावली बाराच्या सुमाराला ईल. बगा."

मी मान हलवली. विश्वास ठेवला. तरीही मार्चचा दुसरा आठवडा लागल्यावर रोज साडेअकरापासून विटेचा तुकडा घेऊन कडेला उभी राहायची. तिसऱ्या दिवशी सावली चकतीवर चढली. मी धावत आत गेले. नवा टेक्निशियन जेवायला गेला होता. काटा बघितला.

संध्याकाळी पोस्टातून एक कार्ड घेतलं. आधी पत्ता घातला. मग लिहिलं:

सावली बारा वाजून पाच मिनिटांनी आली. काटा साडेसात. चुकले होते. मालन.